व्याधाचा अदृश्य सोबती आणि डोगॉनांचे हिरावलेले आकाश

दर काही महिन्यांनी एक चित्रफीत नव्या संगीतासह पुन्हा फिरू लागते. पश्चिम आफ्रिकेतील माली देशात, बांदियागाराच्या कड्याच्या आश्रयाने राहणाऱ्या डोगॉन लोकांना व्याध ताऱ्याच्या अदृश्य सोबत्याचे ज्ञान हजारो वर्षांपासून होते, असे तीत सांगितलेले असते. दुर्बीण नसताना हे ज्ञान त्यांना दिले कोणी? अर्थात व्याधाकडून आलेल्या पाहुण्यांनी! चित्रफीत संपते आणि खाली ‘पाश्चात्त्यांना हे पचणार नाही’ अशा प्रतिक्रियांची रांग लागते.

या रांगेत इतिहासप्रेमी मित्रच अधिक दिसतात, हे मला खटकते. शिवकाळाविषयी कोणी विधान केले, तर हेच मित्र तत्काळ विचारतात, ‘समकालीन साधन कोणते? अस्सल पत्र आहे की उत्तरकालीन बखर?’ राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून ही सवय मराठी वाचकाच्या अंगी मुरली आहे. मग माली देशाची सीमा ओलांडताच ती कोठे गळून पडते? हा धागा त्या गळून पडलेल्या प्रश्नासाठी आहे. दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

प्रथम आकाशाकडे पाहू. मृग नक्षत्राच्या आग्नेयेस झगझगणारा व्याध हा रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा होय. आपल्याकडे तो हरणामागे लागलेला शिकारी, आणि मृगाच्या पोटातील तीन तारे म्हणजे त्याचा बाण. पृथ्वीपासून तो सुमारे ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. १८४४ मध्ये फ्रीडरिख बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने त्याच्या गतीतील हेलकाव्यावरून त्याच्याभोवती एखादा न दिसणारा सोबती असावा, असे अनुमान काढले. १८६२ च्या जानेवारीत अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहम क्लार्क नवे भिंग तपासत असताना तो सोबती प्रत्यक्ष दिसला. त्याला व्याध-ब म्हणू. तो व्याधाच्या सुमारे दहा हजारपट मंद आहे, सुमारे पन्नास वर्षांत एक फेरी पूर्ण करतो, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणे अशक्य आहे. १९१५ मध्ये वॉल्टर अ‍ॅडम्सने त्याचा वर्णपट घेतला आणि हा पृथ्वीएवढ्या आकारात जवळजवळ सूर्याएवढे वस्तुमान कोंबलेला श्वेतबटू तारा आहे, हे पुढील दशकभरात स्पष्ट झाले. १९२० च्या दशकात एडिंग्टनच्या लेखनामुळे ही नवलाई युरोपातील सामान्य सुशिक्षितांपर्यंत पोहोचली होती. या दशकाची नोंद मनात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे.

आता मूळ साधन. ‘डोगॉनांना व्याध-ब माहीत होता’ या विधानाचा माग काढीत मागे गेलात, की सगळ्या वाटा एकाच ठिकाणी येऊन थांबतात. १९५० मध्ये आफ्रिकाविषयक एका फ्रेंच विद्वत्संस्थेच्या नियतकालिकात मार्सेल ग्रिओल आणि जर्मेन दितेरलेन या मानववंशशास्त्रज्ञांनी सुदानी लोकांमधील व्याधविषयक कल्पनांवर एक लेख प्रसिद्ध केला. (त्या काळी आजच्या मालीला ‘फ्रेंच सुदान’ म्हणत.) मोजक्या जाणकारांच्या मुलाखतींवर आधारलेल्या त्या लेखानुसार डोगॉन व्याधाच्या सोबत्याला ‘पो तोलो’ म्हणतात. ‘तोलो’ म्हणजे तारा, आणि ‘पो’ म्हणजे फोनिओ, वरीपेक्षाही बारीक दाण्याचे तेथील तृणधान्य. हा तारा सर्वांत लहान, सर्वांत जड, आणि पन्नास वर्षांत फेरी मारणारा. व्याधाचा आणखी एक, तिसरा सोबतीही त्यात सांगितला आहे.

यापूर्वीचा एकही लेख, एकही प्रवासवृत्त, एकही शिलालेख, एकही मौखिक नोंद नाही. ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून मिरवणाऱ्या गोष्टीचा सर्वांत जुना पुरावा १९५० चा आहे. क्लार्कला तो तारा दिसून तेव्हा ८८ वर्षे झाली होती. आणि एक गंमत पाहा. लेखकद्वयाने परग्रहवासीयांचा उल्लेखही केलेला नाही. उपकरणांवाचून हे ज्ञान कसे आले हा प्रश्न आपण सोडवलेला नाही, किंबहुना उपस्थितच केलेला नाही, असे त्यांनी लेखातच नमूद केले आहे. ही रिकामी जागा पंचवीस वर्षे तशीच राहिली. मग तीत उडती तबकडी उतरली.

ती उतरवली रॉबर्ट टेंपल या अमेरिकी लेखकाने, १९७६ साली, ‘द सिरियस मिस्टरी’ या ग्रंथातून. डॅनिकेनच्या पुस्तकांनी वाचकांची भूक आधीच चाळवली होती. टेंपलचा ग्रंथ मात्र पांडित्याच्या पेहरावात आला. ग्रीक, इजिप्ती, बॅबिलोनी संदर्भांनी तो इतका लगडलेला आहे की दबून जावे. डोगॉन पुराणकथांतील ‘नोम्मो’ ही जलदैवते म्हणजे व्याधमालेतून आलेले उभयचर जीव. बॅबिलोनचा पुरोहित बेरोसस ज्या अर्धमत्स्य ओआनेसची कथा सांगतो तो त्यांचाच भाऊबंद. आणि हे ज्ञान इजिप्त व भूमध्य प्रदेशातून डोगॉनांपर्यंत पोहोचले. या साखळीतील प्रत्येक कडी ‘साम्य दिसते’ एवढ्या एकाच खिळ्यावर लटकलेली आहे. पाण्यातून येणारा ज्ञानदाता जगभरच्या पुराणांत आढळतो. आपल्या मत्स्यावताराने मनूची नाव ओढली, म्हणून त्याला कोणी अंतराळवीर ठरवू लागला तर… पण नको; हेही कोणी तरी ठरवून मोकळे झालेच असेल.

टेंपलची एक करामत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५० च्या लेखात एक अंडाकृती रेखाटन आहे. त्या अंडाकृतीच्या आत अनेक चिन्हे आहेत: व्याध, पो तोलोची दोन स्थाने, तिसरा तारा, नोम्मो आणि इतरही पुराणकल्पना. टेंपलने आपल्या ग्रंथात ते सोपे करून दिले. अडचणीची चिन्हे गळाली. व्याध, पो तोलो आणि भोवतालची रेषा उरली. मग ती रेषा म्हणजे लंबवर्तुळाकार कक्षा, असे वाचकाला आपोआप ‘दिसते’. पत्रातील चार ओळी वगळून पाचवी तेवढी छापली, तर आपण त्या संपादकाला काय म्हणू?

साधनचिकित्सेत एक जुने शस्त्र आहे: लेखनातील चुकांवरून त्याचा काळ ठरवणे. लोरेंझो व्हाल्लाने १४४० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनचे तथाकथित दानपत्र बनावट असल्याचे दाखवले, ते त्यातील लॅटिन भाषा कॉन्स्टंटाइनच्या काळाची नाही या आधारावर. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी ‘वैमानिक शास्त्र’ हे पुस्तक प्राचीन नसून विसाव्या शतकातले आहे असा निष्कर्ष काढला, तेव्हाही भाषा आणि तांत्रिक तपशील यांचीच साक्ष काढली होती. हीच कसोटी येथे लावू या.

पो तोलो सर्वांत जड तारा. १९२० च्या दशकातील विज्ञानानुसार श्वेतबटू हेच सर्वांत घन तारे होते. त्यांच्याहून कितीतरी घन असे न्यूट्रॉन तारे प्रत्यक्ष हाती लागले ते १९६७ नंतर. व्याधाला तिसरा सोबती आहे. १९२० च्या दशकात काही निरीक्षकांनी तसा तारा दिसल्याचे खरोखरच नोंदवले होते. पुढे त्याची पुष्टी झाली नाही. दितेरलेनने १९६५ मध्ये ग्रिओलच्या पश्चात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गुरूचे चार उपग्रह आणि शनीचे कडे येते. चार! म्हणजे १६१० मध्ये गॅलिलिओला दिसले तेवढेच. गुरूचा पाचवा उपग्रह १८९२ मध्ये सापडला आणि आज ही संख्या नव्वदीच्या पुढे गेली आहे. गुरू, युरेनस आणि नेपच्यून यांनाही कडी आहेत, पण लहान दुर्बिणीतून दिसते ते शनीचेच.

साडेआठ प्रकाशवर्षे ओलांडून आलेल्या या पाहुण्यांना आपल्या सूर्यमालेचे ज्ञान युरोपातील एखाद्या हौशी निरीक्षकाइतकेच असावे, आणि त्यांनी स्वतःच्या घराविषयी नेमकी तीच माहिती द्यावी जी पॅरिसमधल्या वाचनालयात १९३० साली मिळत होती, चुकांसकट! या ज्ञानावर त्याच्या जन्मकाळाची मोहोर उमटलेली आहे. ती न वाचता पुढे जाणे म्हणजे पत्राचे कागद-शाई न पाहता त्यावरची तारीख खरी मानणे.

‘पण साठ वर्षांनी येणारा सिगी उत्सव?’ असा प्रश्न हमखास येतो. सिगी हा डोगॉनांचा महान विधी आहे. पिढीच्या पालटाचा, मृत्यूच्या उगमकथेचा. १९६७ ते १९७३ या काळात तो गावोगाव फिरत साजरा झाला आणि जाँ रूश या चित्रपटकाराने दितेरलेनसह तो चित्रित केला. पण साठ म्हणजे पन्नास नव्हे. हे अंतर बुजवण्यासाठी जी गणिते मांडली जातात, त्या गणितांनी पंढरीची वारीही कोणत्या तरी धूमकेतूला जोडता येईल.

आता या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाच्या साक्षीकडे येतो. नेदरलँड्सचा मानववंशशास्त्रज्ञ वाल्टर व्हान बेक याने १९७९ पासून डोगॉनांमध्ये, मुख्यतः तिरेली गावात, राहून काम केले. १९९१ मध्ये ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’ या नियतकालिकात त्याने ग्रिओलच्या कामाचे पुनर्मूल्यमापन प्रसिद्ध केले. ग्रिओलने वर्णिलेली ती गूढ, सुसंगत सृष्टिविद्या त्याला सापडली नाही. व्याधाचा अदृश्य सोबती लोकांच्या व्यवहारात नव्हता, विधींत नव्हता, बोलण्यातही नव्हता. ज्यांनी ग्रिओलबरोबर काम केले होते अशांना त्याने विचारले. ‘सिगी तोलो’, म्हणजे सिगीचा तारा, कोणता यावरच त्यांचे एकमत नव्हते. कोणी तो न दिसणारा तारा म्हणे, कोणी शुक्राकडे बोट दाखवी. एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत होते: ही ताऱ्याची माहिती आपल्याला ग्रिओलकडून कळली.

हे वाक्य पुन्हा वाचावे. चित्रफितीत ते कधीच नसते.

व्हान बेकवर टीका झाली नाही असे नाही. त्याच अंकात इतर अभ्यासकांची मते छापली आहेत, आणि पुढे ग्रिओलची कन्या जनव्हिएव्ह कलाम-ग्रिओल, जी स्वतः डोगॉन भाषेची जाणकार होती, तिने वडिलांची बाजू सडेतोडपणे मांडली. गूढ ज्ञान विश्वासातल्या माणसालाच दिले जाते, उपऱ्याला नव्हे, हा तिच्या बाजूचा गाभा. या युक्तिवादाला वजन आहे; आपल्याकडेही गुरुमुखातून मिळणारी विद्या असतेच. पण त्याने सिद्ध काय होते? ज्ञान गुप्त होते म्हणून ते कोणालाच सापडत नाही, आणि कोणालाच सापडत नाही म्हणून ते गुप्त होते, या चक्रात पुरावा कोठून शिरणार? परग्रहवासीयांच्या बाजूने तर कलाम-ग्रिओलही उभी नव्हती.

येथवर वाचून विज्ञानवादी मित्र खूश झाले असतील. त्यांच्याशीही माझे भांडण आहे. १९७० च्या दशकात कार्ल सेगनसारख्यांनी टेंपलला उत्तर देताना सुचवले की कोणी तरी युरोपीय प्रवासी डोगॉनांकडे गेला असावा आणि त्याने हे ज्ञान सांगितले असावे. पुढे काहींनी १८९३ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सेनेगलमध्ये आलेल्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांपर्यंत माग नेला. पण सेनेगलचा तो किनारा बांदियागारापासून शेकडो किलोमीटर दूर. भेटीचा पुरावा शून्य. तबकडीतून आलेल्या अज्ञात पाहुण्याच्या जागी आगबोटीतून आलेला अज्ञात पाहुणा बसवला, एवढेच. दोन्ही कथांत डोगॉन म्हणजे रिकामी घागर. वाद फक्त कोणी भरली याचा.

वास्तविक आपल्यापाशी एक ज्ञात पाहुणा आहे, त्याचे नाव-गाव-तारखा आहेत, आणि तो काय करीत होता याचे कागदही आहेत. ग्रिओल १९३१ मध्ये डाकार–जिबुती मोहिमेचा प्रमुख म्हणून प्रथम डोगॉन प्रदेशात आला. या मोहिमेने तीन हजारांहून अधिक वस्तू पॅरिसच्या संग्रहालयासाठी गोळा केल्या. ‘गोळा केल्या’ हा शब्द किती सोज्ज्वळ आहे, ते मोहिमेचा सचिव मिशेल लेरिस याच्या १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोजनिशीवरून कळते. डोगॉन प्रदेशात पोहोचण्याआधी, वाटेतल्या गावांतून ‘कोनो’ नावाच्या पवित्र वस्तू धाकदपटशाने कशा उचलल्या, हे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले. ग्रिओल त्यावर संतापला. ग्रिओलच्या संशोधनपद्धतीविषयी तर त्याचेच शब्द पुरेसे आहेत: संशोधकाला तो तपास करणाऱ्या दंडाधिकाऱ्याची उपमा देतो. वसाहतीच्या सत्तेचा माणूस, हाती वही, शेजारी दुभाषा, आणि समोर साक्षीदारासारखा बसवलेला वृद्ध. प्रश्न पुन्हा पुन्हा, उत्तर समाधानकारक येईपर्यंत. ग्रिओलला खगोलशास्त्रात रस होता. रोज व्याधाविषयी विचारणाऱ्या सन्माननीय पाहुण्याला हळूहळू व्याधाविषयी उत्तरे मिळू लागली, यात नवल कोणते?

तरीही ग्रिओलला नुसता खलपुरुष करून टाकणे मला मान्य नाही. १९४६ मध्ये ओगोतेमेली या अंध वृद्ध शिकाऱ्याने त्याच्याशी तेहेतीस दिवस संवाद केला. त्यातून १९४८ मध्ये आलेल्या पुस्तकाने आफ्रिकी माणसालाही तत्त्वचिंतन असते, हे युरोपला बजावले. वसाहतवादाच्या भरात ही लहान गोष्ट नव्हती. सांगा येथे धरण व्हावे म्हणून तो झटला. १९५६ मध्ये तो वारला तेव्हा डोगॉनांनी आपल्या रीतीने त्याचे अंत्यविधी केले. माझ्या मते ओगोतेमेली आणि त्याच्यासारखे जाणकार हे परंपरेचे ध्वनिमुद्रक नव्हते. ते विचार करीत होते, पाहुण्याने आणलेला धागा आपल्या मागावर विणून पाहत होते. पो तोलो हे त्या संवादाचे अपत्य आहे. नव्या ताऱ्याला फोनिओच्या दाण्याचे नाव देणे, सर्वांत लहान दाण्यात सर्वांत मोठा भार पाहणे, ही प्रतिभा डोगॉनांची. ती ओळखायला व्याधावरून कोणी येण्याची गरज नाही.

‘म्हणजे ते अज्ञानी होते असे म्हणायचे आहे का?’ हा आरोप माझ्यावर होणार, हे ठाऊक आहे. १८६२ पर्यंत व्याध-ब पृथ्वीवरील एकाही माणसाला दिसलेला नव्हता. जे भास्कराचार्यांना ठाऊक नव्हते, ते डोगॉनांना ठाऊक नसण्यात कसला कमीपणा? कातळावर माती वाहून नेऊन कांद्याचे वाफे करणे, कड्याच्या पोटात शतके टिकतील अशी धान्याची कोठारे उभारणे, हे त्यांचे ज्ञान डोळ्यांसमोर आहे. त्याची चित्रफीत कोणी काढीत नाही.

आणि आता घरची गोष्ट. वेरूळचे कैलास लेणे माणसांनी खोदणे शक्यच नव्हते, ते परग्रहवासीयांचे काम, असे सांगणाऱ्या चित्रफिती आल्या की आपण खवळून उठतो; उठावेच. ज्या राष्ट्रकूट कृष्णराजाने आठव्या शतकात ते खोदवले, त्याचा उल्लेख त्याच घराण्यातील कर्कराजाच्या बडोदे ताम्रपटात, ९ व्या शतकाच्या आरंभी, आला आहे. त्यात आकाशस्थ प्राणीही आहेत. विमानांतून जाणारे देव ते मंदिर पाहून थक्क होतात, आणि हे आपल्या हातून कसे घडले याचे खुद्द शिल्पकारालाही आश्चर्य वाटते, असे तेथे वर्णिले आहे. आकाशातले पाहुणे येथे बांधकामावर नाहीत. ते प्रेक्षक आहेत. छिन्नी माणसाच्या हाती आहे. ज्याला शंका असेल त्याने वेरूळचेच ३० व्या क्रमांकाचे ‘छोटा कैलास’ हे अपुरे जैन लेणे पाहावे. काम कोठवर आले आणि कोठे थांबले ते तेथे दिसते. आपल्या पाथरवटांची छिन्नी हिसकावली की दुखते, मग डोगॉनांची वाणी हिसकावणारी तीच चित्रफीत आपण ‘अद्भुत!’ म्हणून पुढे का ढकलतो?

डोगॉन आजही आहेत. बांदियागाराचा कडा १९८९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि २०१२ नंतर मध्य मालीत पसरलेल्या हिंसेने तेथील पर्यटन बुडाले, गावे ओस पडली. डोगॉन आणि फुलानी या शेजाऱ्यांमध्ये रक्त सांडले. मार्च २०१९ मध्ये ओगोसागू येथे दीडशेहून अधिक फुलानी मारले गेले आणि संशय डोगॉन सशस्त्र गटांवर गेला. पो तोलोच्या चित्रफितीखाली हजारो प्रतिक्रिया वाचल्या, त्यांत या घटनेचे नाव मला एकदाही आढळले नाही.

१९६७ मध्ये सुरू झालेल्या सिगीपासून साठ वर्षे मोजली की २०२७ येते. त्या वेळचा सिगी कोणत्या गावातून निघेल, वाटा सुरक्षित असतील का, मुखवटे कोरणारे आणि विधीची गुप्त भाषा जाणणारे किती जण उरले असतील, हे प्रश्न तेथील वृद्धांपुढे असतील. आपल्या भ्रमणध्वनीवर मात्र त्या सुमारास व्याधाचे चित्र, तबकडी आणि तेच संगीत पुन्हा येईल. तेव्हा प्रतिक्रियेत एवढेच विचारावे: १९५० पूर्वीचे साधन दाखवा.